माइल्सचा डबा : विमान कंपन्यांच्या कार्डांतून कुटुंबाच्या हाती काय येते?

खराडीतल्या आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. जुने पासपोर्ट, लसीचे दाखले, व्हिसाच्या झेरॉक्स आणि विमान कंपन्यांची प्लास्टिकची कार्डे असे सगळे त्यात पडून असते. कुणी परदेशातून आले की त्यात एक कार्ड वाढते, आणि मग त्या कार्डाची आठवण कुणालाच राहत नाही.

गेल्या वर्षी अम्मींनी उमराहला जायची इच्छा बोलून दाखवली. वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. जेवण झाल्यावर दस्तरख्वान उचलता उचलता त्या सहज म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही सगळे पॉइंट-पॉइंट करताय. माझं तिकीट त्यातून निघणार नाही का?" प्रश्न साधा होता. आम्ही नवरा-बायको त्याच रात्री डबा खाली काढून बसलो. मुलगा खराडीतल्याच आयटी कंपनीत आहे, कामासाठी वर्षातून तीन-चारदा जर्मनीला जातो. मुलगी शारजात असते. तिला फोन लावला आणि चौघांचे हिशेब कागदावर मांडले. मुलाकडे ४२ हजार माइल्स, मुलीकडे ३१ हजार, आमच्यापैकी एकाकडे साडेअठरा हजार आणि दुसऱ्याकडे सहा हजार. बेरीज झाली ९७ हजार ५००. आकडा पाहून आम्हाला वाटले, अम्मींचे तिकीट झाले.

तिकीट झाले नाही. का झाले नाही, हे समजून घ्यायला आम्हाला महिनाभर लागला. त्या महिन्यात जे कळले ते इतर घरांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख. आपल्या समाजात आखातात नोकरीला गेलेला भाऊ, मुलीकडे बाळंतपणाला जाणारी आई, उमराहला निघालेले वडीलधारे, असे कुणी ना कुणी जवळजवळ प्रत्येक घरात असते. विमानाच्या तिकिटावर आपण आयुष्यात बराच पैसा खर्च करतो. त्यातले काही परत मिळत असेल तर ते नीट समजून घ्यावे, आणि मिळत नसेल तर त्याच्या मागे लागू नये.

ही योजना आली कुठून?

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हान्टेज नावाची योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, आणि ठरावीक मैल जमले की एक तिकीट बक्षीस. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने आपली योजना आणली. प्रवासी तिकीट काढताना दुसऱ्या कंपनीकडे वळू नये, एवढाच हेतू होता. पुढे जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी हीच वाट धरली. आपल्याकडे एअर इंडियाची फ्लाइंग रिटर्न्स, जेट एअरवेजची जेटप्रिव्हिलेज आणि किंगफिशरची किंग क्लब ही नावे पुण्या-मुंबईच्या प्रवाशांच्या ओळखीची झाली.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला दिलेल्या या सवलतीचा पुढे स्वतंत्र धंदा झाला. विमान कंपन्या बँकांना माइल्स घाऊक विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डावर आपल्याला वाटतात. हा धंदा किती मोठा आहे ते कोरोनाच्या काळात दिसले. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. म्हणजे विमानांना प्रवासी नव्हते, तरी माइल्सच्या वहीवर कर्ज मिळत होते. ज्या गोष्टीतून कंपनी इतके कमावते ती आपल्याला निव्वळ मेहेरबानी म्हणून मिळत असेल, असे समजण्याचे कारण नाही.

याची दुसरी, गमतीची बाजूही आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका इंजिनिअरने पुडिंगच्या कपांवर माइल्सची जाहिरात पाहिली. हिशेब करून त्याने १२,१५० कप खरेदी केले. खर्च आला सुमारे ३,१४० डॉलर आणि मिळाले बारा लाखांहून अधिक माइल्स. पुडिंगचा बराचसा भाग त्याने धर्मादाय संस्थेला देऊन टाकला. आजच्या योजनांमध्ये अशी फट सहसा सापडत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी मैल मोजणे सोडले आहे आणि तिकिटावर किती रुपये खर्च झाले त्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली आहे. एअर इंडियाने २०२४ मध्ये हाच बदल केला. स्वस्त तिकीट शोधून लांबचा प्रवास करणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबाला त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी मिळते.

खात्यात दोन प्रकारचे आकडे असतात

आमची पहिली चूक इथेच झाली होती. माइल्स दोन प्रकारचे असतात, हे आम्हाला माहीतच नव्हते. पहिला प्रकार खर्च करायचा. त्यातून तिकीट निघते किंवा वरच्या वर्गात जागा मिळते. दुसरा प्रकार फक्त मोजायचा. वर्षभरात तुम्ही किती उडालात ते पाहून कंपनी तुम्हाला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा देते, त्याला एलिट स्टेटस म्हणतात. क्रेडिट कार्डातून मिळणारे माइल्स बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. त्यांनी खाते भरते, पण दर्जा सहसा वाढत नाही.

दर्जा मिळाला की काय मिळते? रांग लहान होते, म्हणजे चेक-इनचा वेगळा काउंटर आणि विमानात आधी प्रवेश. लाउंजमध्ये बसायला मिळते, तिथे चहा-नाश्ता आणि स्वच्छ प्रसाधनगृह असते. सामान जास्त नेता येते आणि उतरल्यावर आपली बॅग पट्ट्यावर लवकर येते. विमान रद्द झाले किंवा जागा भरल्या तर प्रतीक्षा यादीत आपले नाव वर असते. आमच्या मते शेवटचा फायदा सर्वांत मोलाचा आहे, पण त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

हा दर्जा वर्षभराचा असतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढे उडावे लागते, नाहीतर खालच्या पायरीवर यावे लागते. शिवाय तो एकट्या माणसाचा असतो. मुलाच्या गोल्ड कार्डाचा अम्मींना फायदा व्हायचा तर मुलगा त्याच विमानात सोबत हवा, आणि तेव्हाही तो फायदा बहुधा एका सोबत्याला लाउंजमध्ये नेण्यापुरताच असतो.

कोणाचे कार्ड कोणाच्या विमानात चालते

मोठ्या कंपन्यांनी आपसांत तीन गट केले आहेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये सुरू झाला. एका गटातल्या कंपनीचा वरचा दर्जा त्या गटातल्या इतर कंपन्यांमध्येही मानला जातो. आपल्या प्रवासाच्या दृष्टीने वाटणी अशी आहे : एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्याच गटात जर्मनीची लुफ्तान्सा, तुर्की आणि इजिप्तच्या कंपन्याही आहेत. कतार एअरवेज २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे, २०२५ मध्ये ओमान एअरही तिथे गेली. सौदिया २०१२ पासून स्कायटीममध्ये आहे. दुबईची एमिरेट्स आणि अबूधाबीची एतिहाद या तिन्ही गटांबाहेर आहेत आणि आपापल्या भागीदार कंपन्यांशी वेगळे करार करतात.

आमच्या मुलाने जर्मनीच्या फेऱ्यांतून स्टार अलायन्सचा गोल्ड दर्जा मिळवला होता. अम्मींना सोडायला तो सोबत निघाला तेव्हा मुंबईच्या काउंटरवर मोठ्या आत्मविश्वासाने त्याने ते कार्ड पुढे केले. काउंटरवरच्या मुलीने ते पाहिले आणि अदबीने परत दिले. आमचे विमान त्या गटातले नव्हते. तिची काहीच चूक नव्हती. आम्हीच हे आधी समजून घ्यायला हवे होते.

घर कोणते, कार्ड कोणते

आता मुख्य योजनांची तुलना करू. कोणती चांगली, असा प्रश्न विचारून उपयोग नाही. आपले घर कुठे आणि किती वेळा उडते, हे आधी पाहावे.

देशातल्या देशात उडणाऱ्यांसाठी दोन योजना आहेत. इंडिगोची विमाने ऑगस्ट २००६ पासून उडत आहेत, पण अठरा वर्षे त्यांच्याकडे अशी योजनाच नव्हती. २०२४ मध्ये त्यांनी ब्लूचिप आणली. पुण्याहून दिल्ली, हैदराबाद, बंगळूरू असे जाणाऱ्याला इंडिगोची विमाने भरपूर मिळतात, त्यामुळे पॉइंट जमणे सोपे. पण ही कंपनी वरच्या तिन्ही गटांत नाही, हे लक्षात ठेवावे. एअर इंडियाच्या योजनेचे नाव २०२५ मध्ये महाराजा क्लब झाले. तिच्या पायऱ्या रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या सभासदांची खातीही इकडे आली. इथे गोल्ड झालात की स्टार अलायन्सचा गोल्ड दर्जा मिळतो. मग त्या गटाच्या परदेशी विमानातही लाउंज आणि, जिथे सामान किलोवर मोजतात तिथे, २० किलो जादा सामान मिळते. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या नोकरदाराला ही योजना सोयीची आहे.

दुबई-शारजाकडे नातेवाईक असलेल्या घरात एमिरेट्सचे स्कायवर्ड्स हे नाव हमखास ऐकू येते. तिथे ब्लू, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम या पायऱ्या आहेत. सिल्व्हरसाठी दर्जाचे २५ हजार माइल्स लागतात, गोल्डसाठी ५० हजार आणि प्लॅटिनमसाठी दीड लाख. सिल्व्हरला १२ किलो, गोल्डला १६ किलो आणि प्लॅटिनमला २० किलो जादा सामान मिळते. ऐकायला छान वाटते. आता हिशेब करू. मुंबई ते दुबई हे अंतर साधारण १,२०० मैल. प्रवासाचे पूर्ण मैल मिळाले असे धरले तरी जाऊन-येऊन २,४०० होतात. म्हणजे सिल्व्हरसाठीच वर्षात अकरा फेऱ्या. आपण घेतो त्या सर्वांत स्वस्त तिकिटावर तर याहूनही कमी मिळतात. वर्षातून एकदा मुलीकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी हा दर्जा डोक्यातून काढून टाकलेला बरा.

तरीही खाते उघडण्यात तोटा नाही, कारण या योजनेत एक सोय कुटुंबासाठी आहे. घरातल्यांचे खर्चायचे माइल्स एका कुटुंब-खात्यात एकत्र जमा करता येतात. चौघांचे थोडे थोडे एकत्र आले तर त्यातून एखादे तिकीट निघू शकते. दर्जाचे माइल्स मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहतात. मुदत तीन वर्षांची असते आणि माइल्स आपल्या जन्माच्या महिन्याअखेर संपतात. हा नियम आधी माहीत असता तर आमचे काही नुकसान टळले असते.

कतार एअरवेजची योजना प्रिव्हिलेज क्लब. २०२२ पासून त्यांचे चलन एव्हिऑस आहे. ब्रिटिश एअरवेजही हेच चलन वापरते, त्यामुळे लंडनला कुणी असेल तर दोन्हीकडचे पॉइंट एकत्र आणता येतात. सलग ३६ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर एव्हिऑस बुडतात. थोडे जरी जमा झाले किंवा खर्च झाले तरी मुदत पुढे सरकते. कधीतरीच प्रवास करणाऱ्या कुटुंबाला हा नियम तीन वर्षांच्या पक्क्या मुदतीपेक्षा सोपा जातो. दर्जासाठी क्यूपॉइंट वेगळे मोजतात. सिल्व्हरसाठी १५०, गोल्डसाठी ३०० आणि प्लॅटिनमसाठी ६००.

सौदियाची योजना अलफुरसान. जेद्दा-रियाधला नोकरी करणाऱ्यांना आणि वारंवार उमराहला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते. वर्षानुवर्षे एकाच मार्गावर जाणे-येणे असेल तर त्या मार्गावरच्या थेट विमानाची योजना निवडावी, हा सरळ नियम आम्हाला पटला.

आमचे ९७ हजार कुठे गेले?

साडेअठरा हजार माइल्सची मुदत संपली होती. कंपनीने ई-मेल पाठवला होता, पण तो अशा पत्त्यावर की जो आम्ही कधीच बंद केला होता. मुलीचे ३१ हजार शाबूत होते, पण दुसऱ्या कंपनीत. ते इकडे आणायची वाट नव्हती. सहा हजारांत काहीच येत नव्हते. राहिले मुलाचे ४२ हजार. तेवढ्यात जेद्दाला जायचे तर मध्ये एक विमान बदलायचे आणि रात्री पाच-सहा तास थांबायचे. आम्हाला हव्या होत्या त्या तारखांना बक्षिसाच्या जागाही शिल्लक नव्हत्या. प्रत्येक विमानात माइल्सवर देण्याच्या जागा मर्यादित असतात. रमजान, ईद, शाळांच्या सुट्ट्या अशा ज्या दिवसांत आपल्याला जायचे असते, त्याच दिवसांत त्या आधी संपतात. शिवाय बक्षिसाचे तिकीट पूर्ण फुकट नसते. विमानतळाचे कर आणि काही कंपन्यांचे इंधन-शुल्क रोख भरावे लागते. हे सगळे जोडल्यावर "फुकट" तिकिटाची रक्कम स्वस्त हंगामातल्या थेट तिकिटाच्या जवळपास गेली.

अम्मींचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही पैसे भरून थेट विमानाचे तिकीट काढले. त्यांना ज्या गोष्टीची खरी गरज होती ती कोणत्याही कार्डावर मिळत नाही. ती म्हणजे व्हीलचेअर. साध्यातल्या साध्या तिकिटावरही ती मागता येते. तिकीट काढतानाच सांगावे, निदान ४८ तास आधी तरी कळवावे. आम्ही कळवले होते. मुंबईत दारापासून विमानापर्यंत आणि जेद्दात विमानापासून बाहेरपर्यंत माणूस सोबत होता. परतीच्या वेळी जमजमचा ५ लिटरचा सीलबंद डबा विमानतळावरच घेतला. तो बॅगेत घालू नये, वेगळा द्यावा. जादा किलोंच्या दर्जाची आम्हाला कुठेच गरज पडली नाही.

एक गोष्ट मागाहून कळली. उमराहच्या टूरवाल्यांकडून जी गटाची तिकिटे निघतात, त्यांतल्या अनेक भाड्यांवर माइल्स मिळतच नाहीत किंवा नावाला मिळतात. चार्टर विमानांवरही बहुधा नसतात. टूर निवडताना "माइल्स मिळतील" या आश्वासनाला वजन देऊ नये. हॉटेल हरमपासून किती लांब आहे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

नावाचे स्पेलिंग : आपल्या घरांची खास अडचण

२०१९ मध्ये अम्मी शारजाला जाऊन आल्या होत्या. त्या फेरीचे माइल्स खात्यात आलेच नाहीत. कारण शोधायला गेलो तर नाव जुळत नव्हते. त्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाची जागा रिकामी. वेबसाइटवर खाते उघडताना आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून मुलाने घराण्याचे आडनाव टाकले होते. तिकिटावर एक नाव, खात्यावर दुसरे. आम्ही लेखी विनंती केली तोवर दावा करायची मुदतही संपली होती.

ही अडचण आपल्याकडे फार घरांत आहे. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत, कुठे चार अक्षरांत. लग्नानंतर काहींचे नाव आधार कार्डावर बदलते, पासपोर्टवर तसेच राहते. माइल्सचे खाते अक्षरशः पासपोर्टप्रमाणे असावे. आणि हा प्रश्न माइल्सपुरता थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम केला. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते चालेल, असा खुलासा आला. घरातल्या वृद्ध स्त्रियांचे पासपोर्ट एकदा काढून पाहावेत. आडनाव जोडायचे असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ते करून घ्यावे.

कार्ड, व्याज आणि कंपनीचा पैसा

आता थोडे अवघड विषय.

माइल्स देणारे क्रेडिट कार्ड घ्यावे का? आम्ही आलिम नाही आणि फतवा द्यायचा आमचा अधिकार नाही. व्याजाच्या प्रश्नाची ज्यांना चिंता आहे त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. फक्त हिशेब सांगतो. बिल वेळेवर पूर्ण भरले नाही तर आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागते. वर्षाचे ते छत्तीस टक्क्यांच्या वर जाते. पन्नास हजारांची थकबाकी तीन महिने राहिली तर साडेचार-पाच हजार रुपये गेले, आणि त्या खरेदीवर मिळालेले माइल्स त्यापुढे काहीच नाहीत. त्यावर कार्डाची वार्षिक फी वेगळी. सूद नको म्हणून सांभाळून चालणाऱ्या घराने माइल्सच्या लोभाने त्याच दारात जावे, हे आम्हाला तरी पटत नाही.

दुसरा मुद्दा नोकरदार मुलांचा. खराडीतल्या आयटी पार्कमधून दररोज कितीतरी तरुण टॅक्सीने लोहगावच्या विमानतळावर जातात. तिकीट कंपनीचे, माइल्स स्वतःचे. बऱ्याच कंपन्या त्याला हरकत घेत नाहीत, पण नियम एकदा वाचून घ्यावा. हरकत येते ती वेगळ्या ठिकाणी. आमच्या मुलाने एक दिवस स्वतःहून सांगितले की गोल्ड टिकवण्यासाठी त्याने एकदा आठ हजार रुपयांनी महाग विमान निवडले होते. वेळ सोयीची आहे, असे त्याने ऑफिसात लिहिले. वेळ दोन्ही विमानांची सारखीच होती. आठ हजार कंपनीचे गेले, दर्जा त्याचा वाढला. ही अमानत आहे, असे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो चिडला. "सगळेच करतात," म्हणाला. त्यावर आम्ही वाद घातला नाही. पुढच्या फेरीला त्याने स्वस्त विमान घेतले, एवढे आम्हाला कळले.

तिसरा मुद्दा हौसेचा. डिसेंबर आला की काही जण दर्जा टिकवण्यासाठी विनाकारण उडतात. आमच्याच नात्यातला एक भाचा गेल्या डिसेंबरात सकाळी पुण्याहून दिल्लीला गेला आणि संध्याकाळी परत आला. दिल्लीत त्याचे काही काम नव्हते. थोडे पॉइंट कमी पडत होते, म्हणाला. तिकिटाला अकरा हजार गेले. पुढच्या वर्षी त्याला लाउंजमध्ये बसायची संधी चारदा मिळाली. एका चहा-नाश्त्याला पावणेतीन हजार रुपये पडले. याला फिजूलखर्ची म्हणायचे की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे.

आणि कंपनी बुडाली तर? १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली. तिची माइल्सची योजना वेगळी कंपनी होती, म्हणून सभासदांचे पॉइंट टिकले आणि त्याच वर्षी योजनेचे नाव इंटरमाइल्स झाले. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले होते ती विमानेच राहिली नाहीत. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली तेव्हा तिच्या कार्डांचेही तेच झाले. आमच्या डब्यात दोन्ही आहेत. म्हणून माइल्स साठवून म्हातारपणी वापरू, असे मनात आणू नये. ते पैसे नव्हेत. एका रात्रीत कंपनी त्यांची किंमत कमी करू शकते आणि ते संपूही शकतात. जमले की खर्च करावेत.

आम्ही आता काय करतो

डबा आहे तिथेच आहे, पण त्यात एक वही आली आहे. दर माणसाचे एक पान. पानावर योजनेचे नाव, सभासद क्रमांक, पासपोर्टप्रमाणे नाव, आजचे माइल्स आणि मुदत. पासवर्ड वहीत लिहीत नाही. ई-मेल सगळ्यांचा चालू असलेलाच ठेवला आहे. दर सहा महिन्यांनी मुलगी फोनवरून आकडे सांगते आणि नात वहीत लिहिते.

चौघांची नऊ खाती होती, आता घरासाठी दोनच योजना ठेवल्या आहेत. एक शारजाच्या मार्गाची, कुटुंब-खात्यासह. दुसरी मुलाच्या नोकरीच्या मार्गाची. बाकीची सोडून दिली. तिकीट काढताना सभासद क्रमांक त्याच वेळी टाकतो. बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत फेकत नाही, कारण ते आले नाहीत तर दावा करायची मुदत अनेक योजनांत सहा महिन्यांच्या आसपासच असते. एजंटला आधी विचारतो की या भाड्यावर माइल्स किती टक्के मिळतात. आणि दोन विमानांत निवड करताना आधी भाडे, मग वेळ, मग सामानाचे किलो, आणि सगळ्यात शेवटी माइल्स.

मुलाच्या ४२ हजारांचे काय झाले, असे अम्मींनी परवा विचारले. त्यातून त्याने आपल्या सासूबाईंचे दिल्लीला जाण्या-येण्याचे तिकीट काढले. त्यांच्या बहिणीचे ऑपरेशन होते आणि आयत्या वेळी तिकिटे महाग झाली होती. तेव्हा मात्र ते माइल्स खरेच उपयोगी पडले. अम्मी म्हणाल्या, "चला, कुणाचं तरी निघालं." मग त्यांनी वही मागून घेतली आणि आपले पान उघडून पाहिले. त्यावर नवीन पासपोर्टचा क्रमांक लिहायचा राहिला होता.